लॅस्कमची उल्हासनगर प्रत

देवदत्त उपासनींना या सगळ्यातून काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ, म्हणजे शेवटी कोणाला किती लागलं यावर वाद नको. पैसे मिळणार नव्हते. इंग्रज सिनेमा-दिग्दर्शकाचं मराठीत चरित्र लिहून कोणाच्या घरावर माडी चढल्याचं ऐकिवात नाही. मिळणार होती ती अंबरनाथच्या वाचनालयात मधली खुर्ची, एक शाल, जी त्यांची बायको मीनल पुढेमागे बोहारणीला देणार हे दोघांनाही माहीत होतं, आणि पत्रिकेवर नावाच्या आधी 'ज्येष्ठ अभ्यासक' असे दोन शब्द. पण खरी कमाई वेगळीच होती. रंगाच्या कारखान्यात उभी नोकरी झाली, तेवढी वर्षं डबा खाताना "काय उपासनी, तुमचा गोरा काय म्हणतो?" असं विचारून जे हसत आले, ते सगळे निवृत्त साहेबलोक पहिल्या दोन रांगांत बसणार होते, आणि त्यांचं ते हसू माईकवरून, रीतसर, त्यांच्या पदरात परत घालता येणार होतं. साठीनंतर माणूस एवढ्यासाठी काय वाटेल ते करतो. लोक तर एवढ्यासाठी सोसायटीचे सेक्रेटरी होतात.

पुस्तक जुळून छापखान्यात गेलं होतं, मंगळवारी छपाईला लागणार होतं, रविवारी प्रकाशन. त्या मंगळवारच्या आधीच्या शनिवारी दुपारी, बदलापूरला मांजर्लीच्या घरात जेवणं आटोपल्यावर, देवदत्त टीव्हीसमोर बसले. पुण्याहून प्राचीने, म्हणजे लेकीने, बाबांना भेट म्हणून कसलंसं वर्षभराचं सबस्क्रिप्शन घेऊन दिलं होतं आणि त्यात एडविन लॅस्कमचे, म्हणजे त्याच इंग्रज दिग्दर्शकाचे, सगळेच्या सगळे सिनेमे होते, धुऊनपुसून नवे केलेले. देवदत्तांना बघायची तशी गरज नव्हती. पाठ होते त्यांना. पण लग्नाच्या आदल्या दिवशी शेरवानी घालून आरशात बघतात तसं त्यांनी एक लावून ठेवला, तोच तो, समुद्राचा, ज्याच्यावर पुस्तकातलं तिसरं प्रकरण होतं. 'दार' नावाचं. मीनल शेजारी मेथी निवडत बसली होती. वादळ, करडा समुद्र, न परतलेली होडी, खिडकीशी कोळीण. दारावर थाप पडते. बाई उठते, ॲप्रनला हात पुसते, कडीला हात घालते. देवदत्तांच्या अंगावर दरवेळेसारखा बारीक काटा आला, कारण आता, नेमक्या या क्षणी, लॅस्कम सुरी फिरवतो आणि एकदम तीच बाई धक्क्यावर बसून माशाची खवलं काढताना दिसते, केस अर्धे पिकलेले. मधलं सगळं त्याने गिळून टाकलेलं असतं. जगातल्या सिनेमात असा धाडसी कट दुसरा नाही, असं देवदत्तांनी लिहिलं होतं.

कट आला नाही. दार उघडलं. टोप्या हातात धरून दोन माणसं उभी होती. बाईने त्यांना आत घेतलं, खुर्च्या दिल्या, किटली ठेवली, चहा ओतला, आणि बसून रडायला लागली. कॅमेरा हलेना. ती सुंदर वगैरे रडत नव्हती. नाक गळत होतं, बाहीने पुसत होती, मधेच थांबून किटलीकडे बघत होती आणि पुन्हा सुरू करत होती. एका माणसाला काय करावं कळेना म्हणून त्याने तिच्या वाटणीचा चहा पिऊन टाकला. देवदत्तांना आधी वाटलं, काहीतरी बिघडलंय, दुसराच सिनेमा मधे घुसलाय. त्यांनी रिमोट उचलला.

"थांबा हो," मीनल म्हणाली. मेथीची काडी तिच्या हातात तशीच होती. "पुढे ढकलू नका. रडू दे की तिला."

रडणं संपल्यावरच धक्का आला, खवलं आली, पिकलेले केस आले. आणि गंमत म्हणजे ते साधेच वाटले, कोणाच्याही सिनेमात येतील तसे. शेवटी नावांची पाटी वर सरकू लागली तेव्हा देवदत्त खुर्चीवरून उठून टीव्हीपाशी गेले. कोळीण : विनी ऑल्ड्रेड. हे नाव ते आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते. चारशे पानांच्या पुस्तकात तिचा उल्लेख एकदाच होता, आणि तोही असा, की 'कोळिणीचं काम करणारी नटी सुमार असावी, म्हणूनच हुशार दिग्दर्शकाने तिला रडण्याच्या परीक्षेला बसवलंच नाही.'

  देवदत्तांच्या छातीत काही दुखत नव्हतं, तसं काही नव्हतं. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तेवढंच झालं होतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी आणखी दोन सिनेमे चाळले. पोस्टमनचा, म्हाताऱ्याचा. सगळीकडे तेच. जिथे जिथे त्यांनी लॅस्कमची झेप, लॅस्कमची गाळीव जागा, लॅस्कमचं मौन म्हणून पानंच्या पानं लिहिली होती, तिथे तिथे लॅस्कम शांतपणे बसून होता आणि माणसं जेवत होती, खोकत होती, रडत होती. इंग्रज समीक्षक त्याला 'संथ' आणि 'पाल्हाळिक' म्हणतात याबद्दल देवदत्तांनी त्यांची सालं काढली होती. डोळे असून आंधळे, असं म्हटलं होतं छापून. म्हणजे छापायला देऊन.

लॅस्कम त्यांना मिळाला तो उल्हासनगरात. तेव्हा ते नुकतेच कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले होते, भाड्याचा व्हीसीआर आणून शनिवारी चार जणांनी तीन सिनेमे बघायचे दिवस होते, आणि हशमतराय ऊर्फ हशूभाईचं कॅसेटचं दुकान म्हणजे त्यांचं विद्यापीठ. हशूभाईने एक दिवस गल्ल्याखालून एक खोका काढला आणि, ये ले जाओ साब, तुम्ही वाचनवाले आहात, बाकी कोणी हात लावत नाही, असं म्हणून मातीमोल भावात त्यांच्या गळ्यात मारला. कॅसेटींवर हशूभाईच्या अक्षरात 'इंग्लिश – समुंदर', 'इंग्लिश – डाकिया', 'इंग्लिश – बुढ्ढा'. लॅस्कमच्या सिनेमांची ही नावं देवदत्तांच्या डोक्यात इतकी पक्की बसली की पुस्तक लिहिताना खरी नावं दरवेळी शोधावी लागत. खाटकाचा मुलगा, गॅस कंपनीत कारकून, युद्धाच्या काळात घरच्या परसात कोबी कसा लावावा यावर सरकारसाठी फिल्मा काढणारा, मग स्वतःचे नऊ सिनेमे, मग निर्मात्याशी 'लांबीवरून' भांडण, मग कोणी उभं करेना, मग सुपाच्या पाकिटांच्या जाहिराती, आणि शेवटी समुद्रकाठच्या एका खाणावळीत मरण. एवढं आयुष्य देवदत्तांनी मुंबईच्या ग्रंथालयांतून, रविवारी, कणाकणाने गोळा केलं होतं. स्वतःच्या आयुष्याची त्यांना अशी तारीखवार आठवण नव्हती. बढती केव्हा झाली ते मीनलला विचारावं लागे, पण लॅस्कमने गॅस कंपनी केव्हा सोडली ते झोपेत सांगितलं असतं. आणि मग सव्वीस जुलैला उल्हास नदी घरात आली, ओट्यापर्यंत आली, आणि जाताना कॅसेटी घेऊन गेली. तेव्हा ते गाळात उभं राहून म्हणाले होते की जाऊ दे, मला सगळं पाठ आहे. तेच तर आता नडत होतं.

नुसतं पुस्तकापुरतं असतं तर एक वेळ ठीक. पण देवदत्त लॅस्कमला नुसते वाचत नव्हते, वापरतही होते. दुःख दाखवू नये, गाळावं, गाळलं की ते मोठं होतं, हा धडा त्यांनी त्या दारावरच्या थापेतून घेतला होता आणि घरी लावला होता. मीनलची आई, माई, त्यांच्याकडेच राहायची आणि त्यांच्याकडेच गेली. तेव्हा देवदत्तांनी कसं छान निभावलं होतं, हे ते आजवर अभिमानाने आठवत. मुक्काम ठोकायला आलेल्या आत्या-मावश्यांना गोड बोलून परत पाठवलं, चौदाव्या दिवशी घराला रंग काढला, माईची खाट मोडीत दिली, आणि मीनलचं मन रमावं म्हणून तिला बेलवलीत राजरत्नच्या घरी क्रोशा शिकायला धाडलं. राजरत्न शेजवळ कारखान्यातला त्यांचा जुना मित्र, त्याच्या बायकोच्या, अस्मिताच्या, हाताला क्रोशाची कला होती. दार, कट, धक्का. मीनल रोज दुपारी जायची, संध्याकाळी धुतल्या चेहऱ्याने परत यायची. आमच्याकडे रडारड अशी नाहीच, हे देवदत्त मग लोकांना सांगत.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. सोमवारी सकाळी बँकेत जातो म्हणून निघाले आणि उल्हासनगरला जाऊन उभे राहिले. हशूभाईच्या दुकानात आता मुलगा पडदे आणि उशांचे अभ्रे विकत होता; हशूभाई मागे गादीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून शेजारी बसवण्याचं काम करत होते. त्यांनी ओळखलं. पाणी मागवलं, चहा मागवला, गुडघ्यांची चौकशी झाली. मग देवदत्तांनी विचारलं, तसं ते आठवून आठवून हसू लागले.

साडूने हाँगकाँगहून पेटी पाठवली होती. इंग्लिश म्हणजे मारामारी असणार, नाहीतर ते दुसरं असणार, या हिशेबाने हशूभाईने पैसे मोजले होते. उघडून लावली तर समुंदर. दुसरी लावली, समुंदर. गिऱ्हाईक घेईना, तेव्हा त्यांनी डोकं चालवलं की एका कॅसेटमध्ये दोन दोन बसवू, एकावर एक फुकट म्हणून तरी जातील. दोन व्हीसीआर वायरने जोडायचे, एकावर सिनेमा चालवायचा, दुसऱ्यावर उतरवून घ्यायचा, आणि नको तो भाग आला की पॉजवर बोट.

"पण नको तो भाग कुठला, ते ठरवलं कसं?" देवदत्तांनी विचारलं. त्यांचा आवाज थोडा वर गेला असावा, कारण मुलाने अभ्रे दाखवता दाखवता मागे वळून पाहिलं. 'लॅस्कमची लय' नावाच्या सातव्या प्रकरणात त्यांनी या गाळलेल्या जागांचा भरती-ओहोटीशी संबंध जोडला होता.

"घरवाली बाजूला बसायची ना साब. तिला जांभई आली की मी बोट दाबायचा."

"आणि ती समुद्राची बाई? दार उघडून रडते ती?"

"तो रोना तर पूरा उडवला. शेवटची नावांची पाटी पण." हशूभाईंनी कपाळाला हात लावला नाही, खेद केला नाही, उलट जुन्या चांगल्या सौद्याबद्दल बोलावं तसे पुढे झुकले. "एक बात बोलू? रोना कौन किराये पे ले जाता है? तो तर घरीच असतो, फुकट."

देवदत्त बाहेर पडले तेव्हा त्यांना रडू यायला हवं होतं, पण भूक लागली होती. त्यांनी कोपऱ्यावर दाल-पकवान खाल्लं. खाता खाता त्यांच्या मनात आलं की आपण पस्तीस वर्षं ज्या माणसावर जीव लावला तो लॅस्कम नव्हताच. तो अर्धा उत्तर इंग्लंडातला खाटकाचा मुलगा, आणि अर्धी उल्हासनगरची एक दुपारच्या झोपेला आलेली सिंधी बाई. असा दिग्दर्शक जगात दुसरीकडे कुठे झाला नाही. आणि त्याच्या सगळ्या कॅसेटी नदीत गेल्यावर आता तो फक्त आपल्या डोक्यात आणि आपल्या पुस्तकात आहे. हे वाईट होतं, भयंकर होतं, पण पकवान कुरकुरीत होतं आणि या विचारात कुठेतरी थोडी गुदगुलीही होती. पुस्तक तसंच जाऊ द्यावं का? अंबरनाथ-बदलापुरात कोण तपासायला बसलंय? पहिल्या दोन रांगांतल्या एकानेही लॅस्कमचा एक सिनेमा पाहिलेला नव्हता. थांबवलं तर मात्र ते सगळे विचारणार, का थांबलं, आणि मग हसणार. इतकी वर्षं जमवलेलं ते हसू व्याजासकट अंगावर येणार.

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्याला एका हॉटेलात त्यांना राजरत्न भेटला. तो वाचनालयाचा कार्यवाह. खुर्च्या, पत्रिका, हार, सगळं त्याने अंगावर घेतलं होतं. देवदत्तांनी त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. जांभईपाशी राजरत्न इतका हसला की चहा बशीत आला. हसून झाल्यावर त्याने डोळे पुसले आणि सरळ मुद्द्यावर आला, की प्रकरण तिसरं, सातवं आणि आणखी दोनेक कामातून गेली, बाकी आयुष्य, जन्म, गॅस कंपनी, कोबी, भांडण, सूप हे तर खरं आहे ना? देवदत्त म्हणाले, खरं आहे. आणि भांडण म्हणताच ते मधेच थांबले. 'लांबीवरून' भांडण.  लॅस्कमला आणखी गाळायचं होतं आणि निर्मात्याला नको होतं, असा अर्थ त्यांनी आजवर लावला होता. उलटंच असणार. निर्माता म्हणाला असणार, बाईचं रडणं कापा. लॅस्कम नाही म्हणाला असणार. त्या रडण्यापायी त्याचं पुढचं सगळं गेलं, आणि तेच रडणं हशूभाईने एका बोटाने उडवलं, आणि त्यावर देवदत्तांनी प्रकरण लिहिलं.

"म्हणजे मी त्या माणसाची बाजू सोडून निर्मात्याच्या बाजूने लिहिलं रे," ते म्हणाले. "चारशे पानं."

राजरत्नने बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला. "दत्ता, राग मानणार नसलास तर सांगतो. तुझ्या त्या लॅस्कमपायी माझी महिनाभर दुपारची झोप गेली होती. माई गेल्या तेव्हा. मी रात्रपाळीला होतो, आमची खोली एकच. वहिनी यायच्या, आणि मी चादर घेऊन जिन्यात जाऊन बसायचो."

"क्रोशा शिकायला यायची ती."

"कसला क्रोशा?" राजरत्न म्हणाला. "तुमच्या घरात एक तरी रुमाल आहे का विणलेला?"

नव्हता. देवदत्तांनी मनातल्या मनात सगळं घर फिरून पाहिलं. टीव्हीवर, फ्रिजवर, खुर्चीच्या पाठीवर, कुठेच नव्हता. रंगाच्या कारखान्यात छटेतला केसाएवढा फरक पकडणारा माणूस, आणि त्याला महिनाभर शिकवणी होऊन घरात एक टाका आला नाही हे दिसलं नाही. त्यांना मीनलचा तो धुतलेला चेहरा आठवला, आणि आपण काय म्हणायचो तेही आठवलं. छान वाटतं ना बाहेर पडलं की. ती म्हणायची, हो, वाटतं ना. खोटं बोलत नव्हती.

छापखान्यात फोन त्यांनी तिथूनच केला. मुखपृष्ठं छापून झाली होती. मालक चिडला, मग म्हणाला, ठेवतो बांधून. घरी गेल्यावर त्यांनी मीनलला हशूभाईचं सांगितलं, छापखान्याचं सांगितलं. क्रोशाचं विचारायला तोंड उघडलं आणि तिच्याकडे बघून मिटलं. ती म्हणाली, "बरं केलंत. त्या बाईबद्दल काय वाटेल ते लिहिलं होतंत." तिने पुस्तक वाचलं होतं हेही त्यांना नवीन होतं. मग थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला, "रविवारी हॉल घेतलाच आहे, तर तोच सिनेमा लावा की सगळ्यांना. पूर्ण."

राजरत्नने माईकवरून जाहीर केलं की काही प्रकरणं नव्याने लिहायला घेतल्यामुळे प्रकाशन पुढे गेलं आहे, आज चित्रपट दाखवण्यात येईल. पहिल्या दोन रांगांत खसखस पिकली. कोणीतरी म्हणालं, गोरा पळाला वाटतं. देवदत्तांना ते ऐकू आलं आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला फारसं लागलं नाही. लागेल लागेल म्हणून इतकी वर्षं जपलेली जागा चाचपली, तर तिथे काही दुखेना. ते मधली खुर्ची सोडून मागे, मीनल आणि अस्मिताच्या रांगेत कडेला जाऊन बसले. हशूभाई मुलाला घेऊन आले होते, त्यांना मानाने पुढे बसवलं होतं. थाप पडली. बाई उठली, दार उघडलं, चहा ओतला, रडायला लागली. थोड्याच वेळात पहिल्या रांगेतून एक जण फोन कानाला लावून बाहेर गेला, मग दोघं, मग एक पूर्ण कोपरा वड्याच्या वासाने उठला. हशूभाई मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून, गाढ झोपले. सिनेमाचा धंदा त्यांना किती बरोबर कळत होता, हे देवदत्तांनी मनोमन कबूल केलं. पण मागच्या रांगा हलल्या नाहीत. अस्मिताने पिशवीतून लिमलेटच्या गोळ्या काढल्या, मीनलला दोन दिल्या, मीनलने त्यातली एक न बघता देवदत्तांच्या हातावर ठेवली. पडद्यावरच्या माणसाने बाईचा चहा उचलला तेव्हा त्या दोघी एकमेकींकडे बघून अगदी बारीक हसल्या. काहीतरी होतं त्यांचं, जुनं, एका खोलीतलं.  गोळी विरघळेपर्यंत देवदत्त विनी ऑल्ड्रेडला रडताना बघत राहिले. बाई उत्तम काम करत होती.

तर आता कोणाला किती लागलं ते. हशूभाईंना काही नाही. एकीत दोन बसवून त्यांची कॅसेट तेव्हाच वाचली होती आणि परवा झोपही झाली. देवदत्तांची चार प्रकरणं गेली, शाल राजरत्नने पुढच्या पाहुण्यासाठी कपाटात ठेवली, आणि उरलेल्या म्हातारपणाला पुरेल एवढं काम मिळालं, म्हणजे ते नफ्यातच. लॅस्कमने सगळी कारकीर्द दिली, पण ती समजून-उमजून, स्वतःच्या हट्टापायी. विनी ऑल्ड्रेड इतकी वर्षं आमच्या या दोन गावांत सुमार नटी म्हणून राहिली, ते तिने न विचारता भरलं. राजरत्नने एक महिन्याची झोप भरली, अस्मिताने चहा-साखर आणि तोंड बंद ठेवणं. आणि मीनलने भरलं ते असं, की स्वतःच्या आईसाठी रडायला तिला मांजर्लीहून बेलवलीला, भर उन्हात, रोज चालत जावं लागलं.